सरकते पथ : बंदिस्त जागेतील व उघड्यावरील

‘हा रस्ता आळंदीस जातो’ असे आपण म्हणतो, तेव्हा रस्ता जागचा हलत नाही हे बोलणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास सारखेच ठाऊक असते. मराठीत रस्ता जातो, वळतो, घाट चढतो, दुसऱ्या रस्त्यास येऊन मिळतो. वाट फुटते आणि अखेर सरतेही. गतिवाचक क्रियापदे स्थिर वस्तूस लावताना आपणास काही वावगे वाटत नाही, कारण चालणारा माणूस त्या वाक्यात अध्याहृत असतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मात्र असा एक रस्ता अस्तित्वात आला आहे की, जो खरोखरच जातो आणि ज्याच्यावरील माणूस उभा असतो. विमानतळावर, भुयारी रेल्वेच्या बोळांत, मोठ्या दुकानांत तो आता सर्वांच्या परिचयाचा आहे. इंग्रजीत त्यास अनेक नावे आहेत. मराठीत अद्याप एकही नाव नीट स्थिरावलेले नाही.

नावाचा विचार करावयाचा तर आधी वस्तूचे प्रकार कोणते, हे पाहणे प्राप्त होते. उत्पादकांच्या सूचीत सामान्यतः तीन विभागण्या आढळतात. काही पथ बंदिस्त जागेसाठी, काही उघड्यावर. काही सपाट, काही चढते. काही अखंड पट्ट्याचे, तर काही सुट्या फळ्या जोडून केलेले. या तीन विभागण्या तीन निरनिराळ्या तत्त्वांवर उभ्या आहेत हे उघड आहे. पहिली स्थळावर, दुसरी भूमितीवर, तिसरी घडणीवर. वर्णांचे वर्गीकरण करताना स्थान आणि प्रयत्न ही तत्त्वे आपण एकमेकांत मिसळू देत नाही. तसे केले तर एकच वर्ण दोन रकान्यांत बसू लागतो. सरकत्या पथांच्या बाबतीत हाच घोटाळा नित्य होतो. एकच पथ सपाट, फळ्यांचा आणि उघड्यावरील असू शकतो, आणि या तिन्ही विशेषणांनी मिळूनही तो तसा का बांधला याचा उलगडा होत नाही.

याहून अधिक बोधक असे एक तत्त्व आहे. स्थिर जमिनीवरील पाऊल सरकत्या जमिनीवर कोठे आणि कसे पडते, हा प्रश्न प्रथम विचारावा. माणसास वाहून नेणे यंत्राला मुळीच अवघड नाही. कोळसा, धान्य, खडी वाहून नेणारे पट्टे कारखान्यांत आणि गोदीत पूर्वीपासून आहेत आणि त्यांस वेगाची फारशी धास्ती वाटत नाही, कारण खडीस तोल सांभाळावा लागत नाही. माणूस दोन पायांवर उभा असतो. त्याचा एक पाय थांबलेल्या जमिनीवर आणि दुसरा चालत्या जमिनीवर अशी स्थिती एखादा क्षण तरी यावीच लागते. या क्षणास आपण उंबरठा म्हणू. पथाचा वेग किती असावा, तो किती रुंद असावा, घरात चालेल की बाहेर, या सर्वांचे उत्तर बहुतांशी या उंबरठ्यावर ठरते. इतिहास पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते.

सरकत्या पथाची कल्पना जन्मली ती घरात नव्हे, भर रस्त्यावर. न्यू जर्सीतील आल्फ्रेड स्पीअर या द्राक्षासवाच्या व्यापाऱ्याने १८७१ साली अशा पथाचे एकस्व घेतले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या रस्त्यावरील गर्दीस कंटाळून त्याने ही योजना आखली, असे सांगतात. ती कागदावरच राहिली. प्रत्यक्षात असा पथ लोकांनी प्रथम पाहिला तो १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात. जोसेफ लायमन सिल्सबी या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार सरोवरात शिरलेल्या धक्क्यावर तो बांधला होता. बोटीने येणाऱ्या प्रेक्षकांकडून पाच सेंट घेऊन त्यांस तो किनाऱ्याकडे आणी. त्याचे दोन भाग एकमेकांस लागून सरकत. एकावर उभे राहावयाचे अथवा चालावयाचे, दुसऱ्यावर बाके मांडलेली. वारंवार बंद पडणारे हे यंत्र होते, पण त्यातील मूळ युक्ती टिकली आणि सात वर्षांनी पॅरिसमध्ये तिचे भव्य रूप लोकांसमोर आले.

पॅरिसचा १९०० सालच्या प्रदर्शनातील पथ हा या विषयातील सर्वांत मनोवेधक नमुना होय, म्हणून त्यापाशी थोडे थांबणे योग्य ठरेल. ‘भविष्याचा मार्ग’ अशा अर्थाचे नाव त्यास दिले होते. जमिनीपासून सुमारे सात मीटर उंचीवर, सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा हा पथ प्रदर्शनाच्या आवाराभोवती एक मोठे वेटोळे घालून पुन्हा स्वतःसच मिळे. त्याचे तीन पट्टे शेजारी शेजारी होते. पहिला स्थिर. दुसरा ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने सरकणारा. तिसरा ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाचा. माणूस स्थिर पट्ट्यावरून मधल्यावर आणि मधल्यावरून वेगवान पट्ट्यावर जाई. यातील खुबी अशी की, अंतिम वेग ताशी ८ किलोमीटर असला तरी कोणत्याही एका पावलास ४ किलोमीटरहून अधिक फरक सोसावा लागत नसे. एका मोठ्या उंबरठ्याचे दोन लहान उंबरठे केले होते. आधारासाठी जागोजागी वर गोळे बसविलेले खांब होते. त्या काळातील चलच्चित्रांत या खांबांना धरून एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पाऊल टाकणारी माणसे आजही पाहावयास मिळतात.

मुंबईकर वाचकास या हालचालीचा अर्थ निराळा सांगावयास नको. १९६४ साली ट्राम बंद होईपर्यंत चालत्या ट्राममधून उतरण्याचे कसब शहरातील पोरासोरांसही अवगत असे, आणि लोकल गाडी पुरती थांबण्यापूर्वी उतरणारे आजही थोडे नाहीत. गाडीच्या दिशेस तोंड करून, उतरताच दोन पावले धावून तो वेग जिरवावयाचा, हा त्यातील नियम. (या कसबाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही, त्याने गेलेले प्राण पुष्कळ आहेत.) पॅरिसच्या योजनेने हेच कसब लहान लहान हप्त्यांत वाटून देऊन ते सर्वसामान्य स्त्रीपुरुषांच्या आवाक्यात आणले.

आता या पथाची रचना नीट ध्यानात घेतली पाहिजे. पॅरिसचा पट्टा आडव्या पातळीत फिरत होता. त्यास टोक नव्हते. म्हणून त्यावर कोठूनही, बाजूने चढता येई. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, उंबरठा सबंध लांबीभर पसरलेला होता. शिवाय अशा पथास मोठ्या घेराची वळणे लागतात आणि तीन पट्ट्यांची रुंदी लागते. एवढी जागा इमारतीत मिळत नाही. ती फक्त उघड्यावर, आणि तेही नव्याने आखलेल्या आवारातच मिळते. प्रदर्शन संपले, पथ उतरविला गेला, आणि पॅरिस शहराच्या जुन्या रस्त्यांत त्यास कायमचे स्थान मिळाले नाही. बाजूने चढावयाचा हा प्रकार पुढे मुख्यतः कल्पित वाङ्मयात जगला. एच. जी. वेल्स याने शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘व्हेन द स्लीपर वेक्स’ या कादंबरीत, रॉबर्ट हाइनलाइन याच्या १९४० सालच्या ‘द रोड्स मस्ट रोल’ या कथेत आणि आयझॅक आसिमॉव्ह याच्या ‘द केव्हज ऑफ स्टील’मध्ये चढत्या वेगाच्या पट्ट्यांची संपूर्ण शहरे वसविलेली आहेत. अभियंत्यांनी मात्र दुसरी वाट धरली.

ही दुसरी वाट म्हणजे टोकाने चढावयाचा पथ. येथे पट्टा उभ्या पातळीत फिरतो: वरच्या बाजूने माणसांस घेऊन पुढे जातो, टोकास पोहोचताच खाली वळतो आणि जमिनीखालून रिकामा परत येतो. त्यास दोन टोके आहेत, म्हणून उंबरठेही दोनच. एक चढण्याचा, एक उतरण्याचा. मधल्या सर्व लांबीत दोन्ही बाजूंस कठडे घालता येतात. रुंदी एका माणसापुरती अथवा दोघांपुरती पुरते. साहजिकच असा पथ बोळात बसतो. सरकता पथ उघड्यावरून घरात आला याचे कारण हवामानात शोधण्यापेक्षा या रचनेच्या फरकात शोधावे, असे मला वाटते. ‘बंदिस्त’ आणि ‘उघड्यावरील’ हा भेद कारणरूप नसून पुष्कळ अंशी कार्यरूप आहे.

व्यवहारात हा प्रकार प्रथम रुजला तो अमेरिकेत. १९५४ साली जर्सी सिटी येथील रेल्वे स्थानकात गुडइयर कंपनीने ८४ मीटरांहून थोडा अधिक लांबीचा पथ बसविला. चढण शेकडा १०, वेग ताशी अवघा २.४ किलोमीटर. १९५८ साली डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावर असा पथ सुरू झाला आणि विमानतळ हे त्याचे हक्काचे घर बनले. लंडनच्या बँक स्थानकात १९६० साली, सिडनी येथे भूमिगत वाहनतळापासून शहराकडे नेणाऱ्या बोगद्यात १९६१ साली, असा त्याचा प्रसार झाला. सिडनीचा पथ सुमारे २०७ मीटर लांबीचा एकसंध पथ होता. पॅरिसच्या ताशी ८ किलोमीटरांच्या तुलनेत हे सर्व पथ अत्यंत मंद आहेत ही गोष्ट लक्षणीय आहे. अर्धशतकात यंत्रविद्या कितीतरी पुढे गेली आणि पथाचा वेग तिपटीने उतरला! कारण आता पावलास सारा फरक एकाच उंबरठ्यावर सोसावयाचा होता.

घडणीच्या दृष्टीने टोकाने चढावयाच्या पथाचे दोन पोटभेद होतात. पहिला पट्ट्याचा. रबराचा, आत पोलादी तारा अथवा कापडाचे थर असलेला अखंड पट्टा रुळांवरून किंवा गुळगुळीत पत्र्यावरून ओढला जातो. रुळांवरून जाणाऱ्या पट्ट्यावर उभे राहिले असता पायाखाली किंचित लवचिकपणा जाणवतो. दुसरा फळ्यांचा. येथे ॲल्युमिनियमच्या सुट्या फळ्या दोन्ही कडांच्या साखळ्यांस जोडलेल्या असतात आणि चाकांवरून लोखंडी पट्ट्यांच्या मार्गावर धावतात. सरकत्या जिन्याच्या पायऱ्या सपाट केल्या की हाच पथ होतो असे स्थूलमानाने म्हणता येईल. यंत्र, साखळी, कठडा सारे तेच. एक फळी बिघडली तर तेवढीच काढून बदलता येते आणि पाऊल घट्ट जमिनीवर पडल्यासारखे वाटते, या कारणांनी आज फळ्यांचा प्रकारच अधिक आढळतो. पट्ट्याचा प्रकार संपलेला नाही. बर्फावरील खेळांच्या ठिकाणी नवशिक्यांस उतारावर नेणारे पट्टे या जातीचेच असून ते तर चक्क उघड्यावर, बर्फात चालतात.

दोन्ही पोटभेदांत पृष्ठभागावर प्रवासाच्या दिशेने खाचा असतात आणि टोकास त्या खाचांत बसणारी दातेरी फणी असते. खाचा शोभेसाठी नाहीत. सरकती फळी जमिनीखाली शिरते तेथे सरळ फट ठेवली तर बुटाचे टोक, साडीचा काठ, बालकाचे बोट त्या फटीत ओढले जाईल. फणीचे दाते खाचांच्या तळाशी उतरलेले असल्यामुळे पृष्ठावरील वस्तू उचलली जाऊन स्थिर जमिनीवर सरकते. हा उपाय असूनही धोका शून्य होत नाही. १ जानेवारी १९६० रोजी डॅलसच्या त्याच पथात वस्त्र अडकून एका दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला. आजच्या यंत्रात फणीखाली काही अडकल्यास फणी किंचित मागे सरते आणि तिच्यामागील कळ दाबली जाऊन पथ थांबतो. कठड्यावरील रबरी पट्ट्याच्या वेगावरही बंधन आहे. युरोपीय मानकानुसार तो फळ्यांच्या वेगाहून कमी असता कामा नये, आणि अधिक असल्यास शेकडा २ पर्यंतच. हात मागे राहिला तर माणूस मागे कलंडतो. हात किंचित पुढे गेला तर चालते.

वेगाचा हिशेब आता मांडून पाहू. त्याच मानकानुसार सपाट अथवा अल्प चढाच्या पथाचा वेग सेकंदास ०.७५ मीटरहून अधिक नसावा; म्हणजे ताशी २.७ किलोमीटर. रुंदी मर्यादित असेल आणि दोन्ही टोकांस फळ्या फणीपूर्वी १.६ मीटर तरी आडव्या सरळ चालत असतील, तर ०.९ पर्यंत सवलत आहे. निरोगी माणूस सहज चालतो तो सेकंदास सुमारे १.३ मीटर. १०० मीटर लांबीचा बोळ तो पायी ७७ सेकंदांत ओलांडील; ०.६५ मीटर वेगाच्या पथावर उभा राहिला तर त्यास १५४ सेकंद लागतील. अर्थात सरकत्या पथावर उभा राहणारा माणूस शेजारून चालणाऱ्याच्या मागे पडतो. पथावर चालत राहिला तर मात्र ५१ सेकंद, म्हणजे २६ सेकंदांची बचत. सरकता पथ हे वेगाचे साधन आहे ही समजूत निम्मी खोटी आहे. ज्यास ओझे आहे, ज्याचे गुडघे दुखतात, ज्याच्या कडेवर मूल आहे, त्याच्यासाठी ते विसाव्याचे साधन आहे.

वाहकतेचे आकडे याहूनही बोलके आहेत. मानकात एक मीटर रुंदीच्या पथाची कमाल क्षमता ०.५ मीटर वेगास ताशी ६,००० माणसे धरली आहे आणि ०.७५ मीटर वेगास ८,२००. वेग दीडपट झाला. माणसे दीडपट झाली नाहीत. वेग वाढला की चढणारा माणूस क्षणभर थबकतो, पुढच्या माणसात आणि आपल्यात अधिक अंतर ठेवतो, आणि पथाचा काही भाग रिकामाच पुढे जातो. यंत्राने मिळविलेले उंबरठ्यावर गमावले जाते.

चढत्या पथाविषयी फार विस्तार नको. त्याचा कोन १२ अंशांपर्यंतच असावा असा नियम आहे, कारण यास पायऱ्या नाहीत आणि त्याहून अधिक उतारावर माणूस घोट्यातून पुढे किंवा मागे कलतो. परिणामी ५ मीटर उंच मजला चढावयास आडवे अंतर साडेतेवीस मीटर लागते. ३० अंशांच्या सरकत्या जिन्यास पावणेनऊ मीटर पुरतात. इतकी जागा खर्च करण्याचे एक सबळ कारण म्हणजे चाकांची गाडी. मोठ्या दुकानांतील सामानाच्या गाड्यांची चाके अशी खाचेदार असतात की, पथावर येताच ती फळ्यांच्या खाचांत उतरतात आणि गाडीचा तळ टेकून ती जागच्या जागी अडते. टोकाशी फणीवर येताच ती आपोआप उचलली जाऊन मोकळी होते. फणीचा असा दुहेरी उपयोग पाहून मला तरी कौतुक वाटते.

एकाच टोकावर, पण हळूहळू वेग वाढवीत नेणारा पथ करता येईल काय? पॅरिसची युक्ती बोळात कशी बसवावी, असा हा प्रश्न आहे आणि गेल्या पन्नासएक वर्षांतील सर्व कल्पकता त्याभोवती खर्च झाली आहे. जिनीव्हा येथील बॅटेल संस्थेत गाब्रिएल बुलादों आणि पॉल झुपिगर यांनी १९७० च्या सुमारास शोधलेल्या पद्धतीत फळ्या एकमेकींवरून आडव्या घसरतात. प्रवेशापाशी पथ रुंद आणि मंद असतो, पुढे तो अरुंद होत जातो आणि त्याच प्रमाणात वेगवान होतो. नदीचे पात्र खिंडीत शिरताना जे घडते तेच येथे घडते. टोरोंटोच्या विमानतळावर २००७ साली बसविलेल्या पथात फळ्या बोटांत बोटे गुंफावीत तशा एकमेकींत गुंफलेल्या होत्या. वेग वाढताना त्या उलगडत आणि उतरताना पुन्हा मिटत. प्रवेशास ताशी सुमारे २ आणि मध्यभागी सुमारे ७ किलोमीटर असा वेग त्यातून साधला.

तिसरा प्रयत्न पुन्हा पॅरिसचाच. मोंपार्नास येथील भुयारी स्थानकाच्या १८५ मीटरांच्या बोळात २००२ साली जलद पथ सुरू झाला. प्रवेशाशी दहा मीटर लांबीत धातूचे रूळ होते. माणसाने दोन्ही पावले स्थिर ठेवावयाची, एका हाताने कठडा धरावयाचा आणि त्या ओढीने रुळांवरून घसरत वेग घ्यावयाचा, मग तो मुख्य पट्ट्यावर येई. आरंभी वेग ताशी १२ किलोमीटर ठेवला होता. माणसांचा तोल जाऊ लागला तेव्हा तो ९ वर आणण्यात आला. हा वेगही कमी नव्हे. सारा बोळ सव्वा मिनिटात सरे. पण या पथावर पाऊल ठेवण्याची रीत आधी शिकावी लागे. चालता चालता चढावयाचे नाही, पाऊल उचलावयाचे नाही, हात सोडावयाचा नाही. म्हणजे चालण्याची आजन्म सवय दहा मीटरांपुरती विसरावयाची. ज्याचे दोन्ही हात गुंतलेले त्यास हा मार्ग नव्हताच. बिघाड आणि अपघात यांमुळे २००९ साली तो काढून टाकण्याचे जाहीर झाले व त्या जागी नेहमीचा मंद पथ आला. त्याच शहरात एका शतकापूर्वी ताशी ८ किलोमीटर वेग लोकांनी गोळ्याच्या खांबास धरून, प्रशिक्षणावाचून पेलला होता. येथे तर नऊ किलोमीटरच होता, परंतु उंबरठा अनोळखी होता.

आता उघड्यावरील पथांकडे वळू. टोकाने चढावयाचा पथ पुन्हा बाहेर नेला म्हणजे अडचणी उंबरठ्याच्या नव्हे, पोटाच्या येतात. साखळ्या, चाके, मोटार, कळा ही सारी अंतर्गत यंत्रणा जमिनीखालील खळग्यात असते आणि पावसाचे पाणी, वाळू, पालापाचोळा खाचांतून नेमका तेथेच उतरतो. म्हणून बाहेरच्या पथास पाण्याचा निचरा, निचऱ्यात मिसळलेले वंगण वेगळे करण्याची सोय, जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा, बंद घडणीचे बेअरिंग, पाणी न शिरणाऱ्या विद्युत् पेट्या आणि थंड देशांत फणीपाशी उष्णता देणारी तार इतका सरंजाम लागतो. कडक उन्हात कठड्याचे काळे रबर तापते आणि लवकर झिजते. या सर्वांवर एकच स्वस्त उपाय म्हणजे छप्पर. हाँगकाँगमध्ये १९९३ साली सुरू झालेली टेकडीवरील प्रसिद्ध मालिका ८०० मीटरांहून लांब असून १३५ मीटर उंची चढते. तीत सरकते जिने अधिक आणि चढते पथ तीन आहेत. ती छपराखाली आहे, पण बाजूंनी मोकळी. सकाळी ६ ते १० ती उतरती असते आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत चढती. कामावर जाणाऱ्या नगराचा श्वासच तो. स्पेनमधील व्हितोरिया-गास्तेइस या शहराच्या जुन्या टेकडीवर २००७ साली बसविलेल्या पथांवर काचेचे आच्छादन आहे. ओसाका येथील १९७० च्या प्रदर्शनातही पथ पारदर्शक नळ्यांतूनच नेले होते. ‘उघड्यावरील’ म्हणून सांगितले जाणारे पथ असे बहुधा झाकलेले असतात. शब्दशः उघड्यावर राहिलेले शोधू जाता बर्फावरील पट्टेच पुढे येतात.

आपल्या देशात दिल्ली विमानतळाचे २०१० सालचे तिसरे टर्मिनल आणि मुंबई विमानतळाचे २०१४ सालचे दुसरे टर्मिनल यांतील पथ पूर्णपणे बंदिस्त आहेत. दिल्लीत धौला कुआँ आणि दक्षिण परिसर ही मेट्रो स्थानके जोडणाऱ्या, २०१९ साली खुल्या झालेल्या सुमारे सव्वा किलोमीटर लांबीच्या उन्नत पादचारी मार्गावरही सरकते पथ आहेत. मुंबईत २००८ पासून स्थानकांबाहेर उभारलेले उन्नत मार्ग मात्र स्थिरच राहिले. त्यांवर पथ बसवावेत असे कोणी सुचविल्यास वेगाचा प्रश्न आधी न विचारता, आषाढातल्या दुपारी ओल्या छत्र्या आणि चिखलाचे पाय घेऊन येणारी गर्दी त्या फणीवरून कशी उतरेल, हे विचारावे. उतरणाऱ्यास पुढे मोकळी जागा नसेल तर मागून येणारे थांबू शकत नाहीत. जमीनच त्यांस पुढे आणीत असते.

उंबरठा केवळ यंत्रात नाही, शरीरातही आहे, असे अलीकडील संशोधनावरून दिसते. मनोज श्रीनिवासन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणिती प्रतिरूपावरून असे दाखविले की, सरकत्या पथावर चालणारा माणूस आपली चाल नकळत मंद करतो. म्हणून पथाचा सगळा वेग त्याच्या पदरी पडत नाही. शक्तीची काटकसर हे एक कारण. डोळे एक वेग सांगतात आणि पाय दुसरा, ही विसंगती दुसरे. वर काढलेला २६ सेकंदांचा हिशेब त्यामुळे आणखी आखडतो. रेनॉल्ड्स आणि ब्रॉन्स्टाइन यांचा २००३ सालचा प्रयोग तर भाषाभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. सरकणाऱ्या फलाटावर वारंवार चढलेल्या माणसांस ‘आता हा फलाट सरकणार नाही’ असे स्पष्ट सांगितले, आणि तो थांबलेला त्यांस दिसतही होता. तरी पुढच्या वेळी चढताना त्यांची चाल वाढली आणि धड पुढे झुकले. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाऊल टाकताना येणारा हेलकावा तो हाच. मनास कळले, पायांस कळले नाही. परभाषेतील नियम तोंडपाठ असूनही जीभ मातृभाषेच्या वळणाने वळते, त्याच्याशी याचे नाते किती आहे हे मज सांगता येत नाही. परंतु साम्य नजरेत भरते खरे.

राहिला नावाचा प्रश्न. ‘एस्कलेटर’ ही मुळात व्यापारी मुद्रा होती. अमेरिकेत १९५० साली तिचे संरक्षण गेले आणि ती सामान्यनाम झाली. त्या शब्दाचा शेवट तोडून, तो जणू स्वतंत्र प्रत्ययच आहे असे मानून, ‘ट्रॅव्हलेटर’ घडला. ही चुकीची फोड इंग्रजीस मानवली, पण मराठी वाचकास तिच्यातून काहीच बोध होत नाही. फ्रेंचांनी ‘गडगडत जाणारा पदपथ’ अशा अर्थाचे साधे नाव पत्करले. आपल्याकडे ‘सरकता जिना’ रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी रुळला आहे. त्याच्या जोडीला ‘सरकता पथ’ सहज बसतो. ‘चलपथ’ हा समास आटोपशीर खरा, पण ‘चल’ हे आज्ञार्थी रूपही असल्याने तो पाटीवर लिहिला तर हुकूम वाटेल, आणि ज्या यंत्रावर माणसाने उभे राहावे त्यावर तो शोभणार नाही. पोटभेदांसाठी ‘पट्ट्याचा’, ‘फळ्यांचा’, ‘चढता’ आणि ‘वाढत्या वेगाचा’ ही विशेषणे पुरेशी आहेत. त्यांच्याही वर ‘बाजूने चढावयाचा’ आणि ‘टोकाने चढावयाचा’ असा पहिला भेद ठेवावा. टोकावरील दातेरी पट्टीस ‘फणी’ याहून नेमका शब्द मिळणे कठीण आहे.